बोर्डे मॅडमनी मोडलेला विभाग

"घुगे, तुमचं काम काय?" आमच्या नव्या विभागप्रमुख बोर्डे मॅडमनी विचारलं.

"सर्व्हर," मी म्हणालो.

"सर्व्हरचं काय करता?"

"चालू ठेवतो."

"कशासाठी?"

आता याला माणसानं काय उत्तर द्यावं? बंद पडू नये म्हणून, असं मी म्हणालो. प्रणिता आंधळेनं मान खाली घालून हसू दाबलं. पुढचा नंबर तिचाच होता हे तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. सॉफ्टवेअर लिहिते, एवढंच तिला सांगता आलं. नेटवर्कच्या वायरी सांभाळणारे गौसभाई तर हुशार माणूस. त्यांनी प्रश्न यायच्या आधीच चहा सांगतो म्हणून बाहेर धूम ठोकली.

जालन्याच्या एका बियाण्यांच्या कंपनीत आमचा सातजणांचा कंप्युटर विभाग होता. दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यात, काचेच्या दाराआड. कंपनीतला सगळ्यात थंड एसी आमच्याकडे, कारण मशीनना गारवा लागतो. मे महिन्यात अर्ध्या ऑफिसला आमच्याकडेच काही ना काही काम निघायचं. एरवी मात्र आमच्याकडे यायचं तर आधी तक्रारीचा नंबर घ्यावा लागे, त्याला आम्ही तिकीट म्हणायचो. डिस्पॅचचे दाभाडे, म्हणजे गोदामातून माल भरून गाड्या रवाना करणारे, आमच्या दारात उभे राहून मोठ्यानं म्हणायचे, "कोणता पिच्चर लागलाय रे आज? तिकीट काढूनच आलोय."

दाभाडे चिडायचे त्यात त्यांची चूक नव्हती. त्यांचा कंप्युटर अडला की तक्रार माझ्याकडे यायची. मी बघायचो, सर्व्हर ठणठणीत, म्हणून गौसभाईंकडे ढकलायचो. गौसभाई वायर हलवून बघायचे, वायर ठणठणीत, म्हणून प्रणिताकडे. तिचं सॉफ्टवेअर तर कायमच ठणठणीत. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तसं दाभाड्यांचं व्हायचं, आणि खाली गाडी भरायची थांबलेली असायची. आम्ही तिघंही आपापल्या जागी बरोबर असायचो.

चहा आला. मॅडमनी कप हातात घेतला आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं, "शेठनी मला एका कामासाठी आणलंय. हा विभाग ठेवायचा की मोडून सगळं काम पुण्याच्या कंपनीला द्यायचं, हे खरीप उरकल्यावर मी त्यांना सांगायचंय. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं."

पुण्याचं काही दिवसांपासून कानावर होतं, पण अफवा एक आणि तोंडावर सांगितलेलं एक. माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, आई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली. जालन्यात सर्व्हर सांभाळायची दुसरी नोकरी शोधायची म्हणजे वाळवंटात होडी विकण्यासारखं होतं. पुण्याला जायचं तर मी एकटा, आणि आईचं सगळं बायकोच्या गळ्यात. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर मी सरळ आईचं ताट वाढायला घेतलं. भातावर मात्र दोनदा मीठ घातलं, आणि काहीतरी बिनसलंय हे तिनं ओळखलं.

मॅडम पन्नाशीच्या होत्या. आधी एका दूध संघात कंप्युटरचं काम बघितलेलं. अंगानं बारीक, आवाज त्याहून बारीक, आणि बोलायच्या इतक्या हळू की समोरच्याला गप्प बसावंच लागे. त्यांना वरची केबिन दिली होती, ती त्यांनी प्रणिताला कागदपत्रं ठेवायला देऊन टाकली आणि स्वतः दारापाशी, जिथं तिकीट घेऊन येणारे उभे राहायचे, तिथं टेबल टाकलं. आम्हाला वाटलं, पाळत ठेवायला बसल्या.

आठवडाभरात त्यांनी फर्मान काढलं. विभागातल्या प्रत्येकानं हंगाम संपेपर्यंत दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात जाऊन बसायचं. प्रणितानं बीजोत्पादनात, म्हणजे ज्या शेतकऱ्यांकडून कंपनी बियाणं पिकवून घेते त्यांच्याकडे. गौसभाईंनी प्रयोगशाळेत, जिथं बियाण्याची उगवण तपासतात. आणि मी डिस्पॅचला. हे म्हणजे दाभाड्यांच्या तावडीत.

"आणि सर्व्हर?" मी विचारलं.

"तो कुठं पळून जातोय?" मॅडम म्हणाल्या.

गौसभाईंचं मत स्पष्ट होतं. जिन्यात मला गाठून म्हणाले, "घुगेभाऊ, ही बाई आपल्याला एकेक करून बाहेर काढायलीय. आज खुर्ची हलवली, उद्या माणूस हलवणार." मलाही तसंच वाटत होतं. कोंबडीला विचारून कुणी मसाला वाटत नाही.

दाभाड्यांनी मात्र माझं स्वागत फार प्रेमानं केलं. पहिल्याच दिवशी पोत्यांच्या थप्पीवर बसवलं आणि म्हणाले, की साहेब, इथं तिकीट लागत नाही. मग त्यांनी मला त्यांचं खरं दुखणं सांगितलं. दर सोमवारी डेपोंचे आकडे चुकतात. जिल्ह्याजिल्ह्यात कंपनीचे डेपो होते. तिथून दुकानदार बियाणं उचलायचे. सोमवारी सकाळी आमच्या पडद्यावर एखाद्या डेपोत कपाशीच्या बियाण्याची भरपूर पाकिटं दिसायची, म्हणून दाभाडे तिकडची गाडी दुसरीकडे वळवायचे, आणि दुपारी त्याच डेपोतून ओरडा यायचा की माल संपून गेला, दुकानदार दुसऱ्या कंपनीचं बियाणं उचलून गेले. पेरणीच्या तोंडावर हे झालं की गेलेलं गिऱ्हाईक त्या वर्षी परत येत नाही.

आम्हाला हे माहीत होतंच. आमच्या विभागाचं त्यावर पक्कं मतही होतं. डेपोवाल्यांना आकडे भरता येत नाहीत. त्यांच्यासाठी आम्ही दोनदा प्रशिक्षण घेतलं होतं, जेवणासकट. तरी सोमवारचा घोळ काही मिटला नाही, तेव्हा आम्ही तो डेपोवाल्यांच्या अकलेच्या खात्यावर टाकून मोकळे झालो होतो.

मॅडमना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, मग सोमवारी चुकतं तर रविवारी जाऊन बघा.

मिरग जवळ आला होता. मी धामणखेड्याच्या डेपोवर गेलो. रविवार तिथला बाजाराचा दिवस. सकाळपासूनच डेपोच्या दारात टेम्पो, ॲपे, मोटारसायकली. आसपासच्या गावांतले दुकानदार बाजाराला येतात आणि त्याच फेरीत बियाणं घेऊन जातात, दुसऱ्या दिवशी कुणी येत नाही. आठवड्याची निम्म्याहून जास्त उचल एका दिवसात. आणि डेपोचे व्यवस्थापक भानुदास काकडे बंद कंप्युटरसमोर बसून पाठकोऱ्या कागदांवर पाकिटं लिहीत होते.

"कंप्युटर का बंद?" मी विचारलं.

"रविवार हाय ना," काकडे म्हणाले. "रविवारी बंदच असतो. त्यालाबी सुट्टी पायजे का नको?"

मी कंप्युटर चालू केला. पडद्यावर ओळ आली: 'साप्ताहिक देखभालीसाठी प्रणाली बंद आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' ती ओळ मी ओळखत होतो. ती माझी होती.

ऑफिस रविवारी बंद असतं, म्हणून सर्व्हरची साफसफाई आणि सगळ्या माहितीची नक्कल काढून ठेवण्याचं काम रविवारी दिवसभर करायचं, ही आमच्या विभागाची वर्षानुवर्षांची रीत. कामाच्या दिवशी कुणाची अडचण नको. त्या रीतीचं आम्हाला कौतुक होतं. आणि कामाचा सगळ्यात मोठा दिवस इथं दारात उभा होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. काकडे सोमवारी बसून कागदांवरचं सगळं कंप्युटरमध्ये चढवायचे, ते दुपारपर्यंत चालायचं, आणि सकाळी दाभाडे शनिवारचा आकडा बघून गाड्या वळवायचे. कुणाचीही अक्कल कमी नव्हती. आम्ही कधी रविवारी इथं आलो नव्हतो आणि ते कधी आमच्या काचेच्या दारातून आत आले नव्हते, एवढंच.

मी गौसभाईंना फोन लावला. त्या रविवारी पाळी त्यांची होती. म्हटलं, देखभाल थांबवा, प्रणाली चालू करा. गौसभाई म्हणाले, चालू करता येत नाही, विभागप्रमुखांची लेखी परवानगी लागते, हा नियम घुगेभाऊ तुम्हीच केलाय. ते खरं होतं. तेव्हा मी मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं. देखभाल मधेच तोडली तर नक्कल अर्धवट राहील, एखाद वेळी काही बिघडलं तर मागचं मिळणार नाही, हेही सांगितलं आणि परवानगी मागितली.

"तिथं कोण उभं आहे, घुगे? मी की तुम्ही?"

"मी."

"मग मला कशाला विचारता? मला इथून ना बाजार दिसतो, ना सर्व्हर. तुम्हाला दोन्ही दिसतंय. तुम्ही ठरवा, आणि गौसना सांगा की तुम्ही ठरवलंय."

आणि त्यांनी फोन ठेवला. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला साहेबांनी खूप काही दिलं होतं, शिव्या दिल्या होत्या, दिवाळीला मिठाई दिली होती. पण हे कुणी दिलं नव्हतं. चुकलं तर पुण्याच्या कंपनीला आयतं निमित्त, आणि नाव माझं. मी बाहेर गेलो, दारातल्या टेम्पोंकडे बघितलं, परत आलो आणि गौसभाईंना म्हटलं, की चालू करा, मी सांगतोय.

प्रणाली चालू झाली. काकड्यांनी एकेक पाकीट भरायला घेतलं. रविवार असूनही मी दाभाड्यांना फोन करून गोदामात जायला लावलं, आणि दुपारी त्यांचा फोन आला. धामणखेड्याचा साठा पडद्यावर धडाधड उतरताना त्यांना दिसत होता. त्यांनी सोमवारची वाट बघितली नाही, लगेच एक जादा गाडी पाठवली. दिवेलागणीच्या आत ती डेपोवर पोचली आणि संध्याकाळच्या बाजाराला काकड्यांकडे माल होता. त्यांच्या तोंडावर जे हसू होतं ते बघून मला वाटलं, आपण इतकी वर्षं चालू ठेवत होतो ते यासाठी. इतकं साधं उत्तर होतं.

देखभाल आम्ही बुधवारी रात्री, बाजार आणि ऑफिस दोन्ही नसलेल्या वेळी टाकली. पुढच्या सोमवारी आकडे जुळले.

तिकडे प्रणिताचंही काही ना काही चाललं होतं. ती शेतकऱ्यांच्या बांधावर जाऊन आली आणि रंग रापला म्हणून आठवडाभर कुरकुरली, पण परत दुसऱ्या मजल्यावर यायचं नाव घेईना. गौसभाई प्रयोगशाळेत रमले. उगवणीचा अहवाल मोबाइलवर पोचवायची सोय त्यांनी आपणहून केली, आणि तिथल्या प्रमुख, पीएच.डी. झालेल्या डॉक्टरबाई त्यांना आपल्या डब्यातला घास काढून ठेवायला लागल्या. आमचा थंडगार कोपरा ओस पडला. तिकीट घ्यायला कुणी येईना, कारण ज्याला काही हवं असे त्याच्या खात्यात आमचा माणूस बसलेला असे.

खरीप उरकलं. पोळा झाला आणि मदनशेठ लाहोटींनी बैठक बोलावली. शेठ म्हणजे कंपनीचे मालक. माणूस वाईट नव्हता, पण खर्च दिसला की त्यांची बोटं शिवशिवायची. सगळे खातेप्रमुख हजर, आणि आम्ही विभागातले भिंतीला टेकून उभे. माझ्या मनात आईचं औषध, बायकोची शाळा आणि पुण्याची एसटी, असं सगळं एकदम फिरत होतं.

मॅडमनी एक मोठा कागद भिंतीवर लावला. त्यावर कंपनीची सगळी खाती होती आणि प्रत्येक खात्याच्या चौकटीत आमच्यापैकी एकेकाचं नाव. डिस्पॅच आणि डेपो: घुगे. प्रयोगशाळा आणि शीतगृह: गौस शेख. बीजोत्पादन: आंधळे. असं सगळ्यांचं. नावांपुढे सर्व्हर, वायर, सॉफ्टवेअर असं काही नव्हतंच.

शेठनी चष्मा वर करून कागद खालीवर न्याहाळला. "यात कंप्युटर विभाग कुठाय, मॅडम?"

"नाही," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे पुण्याला द्यायचं ना?"

"सर्व्हरचं मशीन द्या. ते त्यांना आपल्यापेक्षा चांगलं आणि स्वस्तात सांभाळता येतं. माणसांचं मी सांगणार नाही. ती आता माझी नाहीत. ज्यांची आहेत त्यांना विचारा."

शेठनी दाभाड्यांकडे बघितलं. घुग्यांना काढलं तर चालेल का, असं सरळ विचारलं.

दाभाडे उठून उभे राहिले. "शेठ, मला काढा न् त्याला ठेवा. मी नसलो तर गाडी भरंल कोणीबी. हा नसला तर गाडी कुठं पाठवायची ते कळनार न्हाई."

प्रयोगशाळेच्या डॉक्टरबाईंनी गौसभाईंसाठी तेवढ्याच तडफेनं सांगितलं. बीजोत्पादनवाले म्हणाले, प्रणिताला हात लावला तर शेतकरी ऐकायचे नाहीत. एकेक करत शेठ सगळ्यांकडे फिरले आणि प्रत्येक ठिकाणी तेच. काही महिन्यांपूर्वी हीच मंडळी आमचा विभाग कधी बंद होतोय याची वाट बघत होती.

शेठ हसले. "मॅडम, तुम्हाला कमी करायला आणलं होतं. यात कमी कोण झालं?"

"बघा ना," मॅडम म्हणाल्या. "एक नाव कुणीच घेतलं नाही."

सगळ्यांनी परत कागदाकडे बघितलं. आमची सगळ्यांची नावं होती. बोर्डे हे नाव कुठल्याच चौकटीत नव्हतं.

दाभाडेच पहिले बोलले. असं कसं, मॅडम तर पाहिजेतच, म्हणाले. शेठही म्हणाले, की तुम्हाला मी कुठंही बसवतो, हवं ते पद घ्या. मॅडमनी नेहमीच्याच हळू आवाजात सांगितलं, "शेठ, मी राहिले की हे सगळे कुठलीही गोष्ट ठरवायच्या आधी माझ्याकडे बघतील. मग मला मदतीला एक माणूस लागेल, मग दोन. वर्षभरात वर परत काचेचं दार लागेल. खुर्ची राहिली की तिच्याभोवती विभाग जमतोच. दूध संघात मी ते करून बसले होते. तेव्हाच ठरवलं होतं, पुढच्या ठिकाणी खुर्चीच ठेवायची नाही."

"मग हे तुम्हाला पहिल्या दिवशीच माहीत होतं?" शेठनी विचारलं.

"माझं माहीत होतं," त्या म्हणाल्या. "यांचं माहीत नव्हतं. ते यांनी केलं."

आम्ही सगळा हंगाम त्या बाईला कसाई समजत होतो. ज्या फांदीवर बसलोय ती तोडणारा मूर्ख असतो असं लहानपणी ऐकलं होतं. इथं एका बाईनं आम्हा सातजणांना शेजारच्या झाडांवर नीट बसवलं होतं आणि मग शांतपणे आपली फांदी तोडली होती. दुसरी नोकरी त्यांच्या हातात होती का? नव्हती. मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाल्या, मिळेल की, मोडायला विभाग कमी आहेत का.

दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी त्या गेल्या. निरोपसमारंभ त्यांनी करू दिला नाही. दाभाड्यांनी तरी शाल आणलीच आणि स्वतःच त्यांच्या खांद्यावर घातली. संध्याकाळी त्या माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, की माझं खातं बंद करा, घुगे.

नोकरी सोडणाऱ्याचं कंप्युटरवरचं खातं बंद करायचं काम तेव्हाही माझ्याकडेच होतं. ते काम मला कधी आवडलं नाही. कुणीही गेलं की मागे लोंबकळत राहतं. कुणाची मंजुरी अडकलेली, कुणाचा पासवर्ड दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही, कुणाच्या सहीशिवाय गाडी हलत नाही. साहेब जितका मोठा तितका गुंता मोठा. एका विक्रीप्रमुखांचं खातं बंद करायला मला पंधरवडा लागला होता, आणि त्यानंतरही महिनाभर त्यांना घरी फोन जात होते. लोक त्यालाच त्यांची किंमत समजायचे.

मी मॅडमचं खातं उघडलं. त्यांच्या नावावर एकही मंजुरी थांबलेली नव्हती. एकही पासवर्ड एकट्या त्यांच्याकडे नव्हता. कुठल्याही कामाला त्यांच्या सहीची गरज उरली नव्हती. सगळं हळूहळू कुणाकुणाच्या नावे करून ठेवलं होतं, आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. मी बटण दाबलं आणि खातं बंद झालं. त्या बाजूला उभ्या राहून बघत होत्या. "झालं?" एवढंच विचारलं, पर्स खांद्याला लावली आणि जिना उतरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, रब्बीचा पहिला मोठा बाजार. हरभरा आणि ज्वारीची उचल सुरू झाली होती. मी धामणखेड्याच्या डेपोवर फोन हातात धरून बसलो. कुठंतरी काहीतरी अडेल, कुणीतरी विचारेल की हे बोर्डे मॅडम बघायच्या, आता कुणाला विचारायचं. मला तसा फोन यायला हवा होता. दाभाड्यांना नंतर विचारलं तर तेही दिवसभर तसाच फोन घेऊन बसले होते.

बाजार उठला. साठा जुळला, गाड्या वेळेत गेल्या. जालन्यात, धामणखेड्यात, कुठंच काही अडलं नाही. काकडे डेपोचं शटर ओढत होते आणि मी खुर्चीत बसून का रडतोय, हे त्यांना काही केल्या कळेना.